न दिलेली दोन मतं

संसदेचं कामकाज सकाळपासून टीव्हीवर बघत बसणारा माणूस एक तर त्याचा पगार घेत असतो, नाही तर त्याच्या डोक्यावर परिणाम झालेला असतो, असं इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या ग्रिम्सबीत मानतात. डेरेक ब्लँचर्डचं यांतलं काहीच नव्हतं. तो मुलीची वाट बघत होता.

त्याची मुलगी लोर्ना वीस वर्षांपूर्वी बेल्जियमला गेली ती तिकडचीच झाली. नवरा वाउटर झेब्रुगच्या बंदरात जकातीच्या कामाला. आपला देश युरोपातून बाहेर पडायची तारीख जवळ आली की वाउटरच्या रजा रद्द व्हायच्या, कारण त्या दिवशी बंदरात काय गोंधळ उडेल हे तिकडे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि इकडे तर त्याहून नव्हतं. तेव्हा लोर्नानं बापाला फोनवर सांगून टाकलं होतं, "एकदा तुमचं काय ते ठरू दे बाबा, मग आम्ही सगळे येतो." तारीख मार्चची होती ती एप्रिलवर गेली, एप्रिलची ऑक्टोबरवर. तारीख सरकली की हल बंदराला येणाऱ्या बोटीची तिकिटंही सरकायची. म्हणून ज्यानं सारा जन्म हॅडॉक मासे धुरीला टांगण्यात घालवला, तो हा पंचाहत्तरीचा म्हातारा आता कुठलं कलम कुठल्या दुरुस्तीपाशी अडलंय हे घडाघडा सांगायचा. संसद हलली तर नात येणार होती.

रजेचं कारण खरंच होतं. पण खऱ्या कारणाच्या आडोशाला दुसरं कारण सुखानं बसून राहतं, आणि ते दुसरं कोणतं हे डेरेकला पक्कं माहीत होतं. ते तीन वर्षांपूर्वीच्या, युरोपात राहायचं की बाहेर पडायचं या सार्वमताच्या दिवसाचं होतं.

परदेशात पंधरा वर्षांहून जास्त काढली की आमच्या माणसाचा मताचा हक्क जातो. लोर्नाचा गेला होता. सार्वमताच्या आधीचा आठवडाभर ती रोज फोन करत होती.

"मला मत नाही, बाबा. माझं मत तूच. जाशील ना?"

"जाशील ना काय विचारतेस? शाळा उघडायच्या आधी दारात उभा असेन."

आणि त्या सकाळी तो खरोखरच कोट चढवून, टोपी घालून निघाला. फाटकाशी येतो तर शेजारी नॉरिसच्या दारात रुग्णवाहिका उभी.

नॉरिस टक्सफर्ड म्हणजे चाळीस वर्षांचा भिंतीला भिंत लागून शेजार. उमेदीत मासेमारीच्या ट्रॉलरवर होता. आइसलँडकडच्या पाण्यात मासेमारी बंद झाली, बोटी भंगारात निघाल्या, आणि तेव्हापासून जगातल्या प्रत्येक वाईटाचं खापर तो ब्रसेल्सच्या युरोपवाल्यांवर फोडत आला होता, पावाला बुरशी आली तरीसुद्धा. त्याचं मत कुठं पडणार हे शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. पण त्या सकाळी त्याची बायको एनिड स्ट्रेचरवर होती, अंगानं पिवळी पडलेली, आणि नॉरिस तिची पिशवी छातीशी धरून उभा होता. दाढी अर्धीच झालेली.

संसद तो तेव्हाही बघायचा, पण हौसेनं, आणि तिथला एक जुना रिवाज त्याला फार आवडायचा. एका बाजूचा खासदार आजारी पडला, कुणाच्या घरी मयत झालं, कुणी बाळंत व्हायची असली, की दुसऱ्या बाजूचा एकजण आपणहून मत द्यायला जात नाही. फिट्टंफाट. याला जोड लावणं म्हणायचं. कुठं सही नाही, शिक्का नाही, सगळं दिलेल्या शब्दावर.

"नॉरिस," तो म्हणाला, "तू आज दिवसभर इस्पितळात. तुझं मत बुडालं. मग मीही जात नाही. जोड."

नॉरिसनं पिशवी खाली ठेवली. "अरे, तू कशाला... माझं तर..."

"जोड म्हटलं ना. आजाऱ्याच्या पाठीमागे मला जिंकायचं नाही."

"नॉरिस, अरे त्याला..." असा रुग्णवाहिकेच्या आतून एनिडचा आवाज आला, पण तेवढ्यात गाडीचं दार लागलं. डेरेकनं हात पुढे केला होता. नॉरिसनं तो धरला. मग डेरेक घरात परत आला, कोट खुंटीला अडकवला आणि चहा ठेवला.

आपल्या हातून काहीतरी चांगलं झालं, असं त्याला दिवसभर वाटत होतं. संध्याकाळी लोर्नाचा फोन आला.

"दिलंस ना?"

खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. त्यानं सगळं सांगितलं, एनिडच्या पिवळ्या रंगापासून.

"म्हणजे नॉरिसला दिलेला तो शब्द," ती म्हणाली, "आणि मला दिलेला?"

एका मतानं काही सूर्य पश्चिमेला उगवणार नव्हता, हे तिला कळत होतं. पण दुसऱ्या दिवशी निकाल लागला, आणि आपण जिथं राहतो तिथं आपण पाहुणे झालो हे तिला कळलं, तेव्हा ज्याच्यावर रुसता येईल असा या अख्ख्या देशात तिचा एकच माणूस होता. फोन नाताळ आणि वाढदिवसावर आले. एनिड त्याच वर्षी थंडीच्या तोंडाशी गेली. डेरेकची बायको तर केव्हाच गेलेली. एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन म्हातारे उरले, आणि संध्याकाळी भिंतीची एकच बाजू वापरायची असं न बोलता ठरून गेलं.

नॉरिस स्वतःचा मग घेऊन यायचा, कारण डेरेकचे कप त्याला चिमणीचे वाटायचे. दोघं गॅसच्या शेगडीसमोर बसायचे आणि संसदेला नावं ठेवायचे. एक बाहेर पडायच्या बाजूचा, एक राहायच्या, पण शिव्यांवर दोघांचं एकमत असायचं. दोन्ही बाजूंना पुरेल एवढा मूर्खपणा तिथं रोज ताजा मिळत होता.

जानेवारीत सरकारचा बाहेर पडायचा करार संसदेत पडला, पडला म्हणजे आपटलाच. त्या मतदानाला एक भरल्या दिवसांची खासदार बाई चाकाच्या खुर्चीतून आली होती. आदल्या उन्हाळ्यात एका बाळंतिणीबरोबर लावलेली जोड पलीकडच्यानं मोडली होती, म्हणून हिचा आता कुणाच्याच शब्दावर भरवसा नव्हता.

"बघ," डेरेक म्हणाला, "पोटातलं लेकरू घेऊन यावं लागलं बिचारीला. एकानं शब्द मोडला की पुढच्या शंभर जणांना ते भोवतं."

"हं," नॉरिस म्हणाला.

"आपण दोघांनी लंडनला जाऊन शिकवणी घ्यायला पाहिजे यांची. म्हणावं, ग्रिम्सबीत बघा, एक धुरीवाला आणि एक कोळी. सही नाही, साक्षीदार नाही."

"चहा गार झाला तुझा," असं म्हणून नॉरिस उठला आणि स्वयंपाकघरात बराच वेळ नळ सोडून उभा राहिला. गुडघा दुखत असेल, असं डेरेकला वाटलं.

डेरेकजवळ आता तो पाळलेला शब्द तेवढाच उरला होता. मुलगी दुरावली ती ज्या गोष्टीसाठी, ती गोष्ट तरी खणखणीत होती. रोज टीव्हीवर मोठमोठी माणसं कालचा शब्द आज फिरवत होती, आणि हा गृहस्थ चहाचा घोट घेत मनात म्हणत होता, मी नाही फिरवला. याला कुणी गर्व म्हणेल. म्हणू दे. म्हाताऱ्या माणसाला रात्री झोप यायला काहीतरी उशाशी लागतं.

मार्चमध्ये त्यानं वरची खोली झाडली, गाद्यांना ऊन दाखवलं, म्हणजे आमच्याकडे जे काही ऊन म्हणून येतं ते, आणि नातीसाठी पिवळे रबरी बूट आणले. नात एल्के सात वर्षांची, आणि आमचा किनारा म्हणजे वाळू कमी, चिखल जास्त. त्याच आठवड्यात संसदेपुढे आठ पर्याय ठेवले गेले आणि आठही पडले.

"आठ पदार्थ वाढले पानात," नॉरिस म्हणाला, "आणि म्हणे एकही नको. मग उपाशी मरा की."

"मरतोय आपण."

"तू मर. मी बाहेर पडल्यावर जेवणार आहे."

तारीख एप्रिलवर गेली. एप्रिलच्या सुरुवातीला चर्चा चालू असताना सभागृहाच्या छतातूनच पाणी गळायला लागलं आणि कामकाज थांबवावं लागलं. त्या दिवशी दोघं इतके हसले की नॉरिसला ठसका लागला. मग लोर्नाचा फोन आला, की ऑक्टोबरपर्यंत काही खरं नाही, आणि डेरेकचं हसू तिथंच राहिलं. उन्हाळ्यात पंतप्रधान बदलले. संसदेला टाळं लागलं, न्यायालयानं ते काढायला लावलं. सभापती घसा फोडून शांत बसा म्हणून ओरडत होते आणि कुणी बसत नव्हतं. ऑक्टोबरात, तारीख परत सरकली तेव्हा, डेरेकनं फोनवर विचारलं, "एल्केच्या पायाचं माप काय गं?" लोर्नानं सांगितलं. त्यानं बूट उलटे करून तळव्यावरचा आकडा बघितला आणि ते जिन्याखाली ठेवून दिले.

शेवटी कुणालाच काही सुचेना म्हणून डिसेंबरात निवडणूक लावली. ऐन थंडीत, चार वाजता अंधार पडतो अशा दिवसांत. ती जाहीर झाली त्या संध्याकाळी नॉरिस चहाचा मग हातात फिरवत म्हणाला, "डेरेक, या खेपेला परत जोड लावू."

"का रे? तुझा पक्ष तर या वेळी दणक्यात निवडून येणार म्हणतात. जा आणि दे की मत."

"गुडघा."

"शाळा कोपऱ्यावर आहे."

"लावायची का नाही, सांग." नॉरिस त्याच्याकडे बघत नव्हता. "खरीखुरी. तू नाही, मी नाही."

डेरेकला बरं वाटलं. एवढ्या बजबजपुरीत कुणीतरी आपल्याकडून एक चांगली रीत उचलली म्हणायची. "जोड," तो म्हणाला, आणि दोघांनी हात मिळवले.

मतदानाच्या आधीच्या आठवड्यात ट्रिश दारात भेटली. ट्रिश आमच्या रस्त्याला टपाल टाकते. लहानथोर सगळ्यांना एकेरीत बोलावते आणि सगळ्यांना राजा म्हणते. नाताळची पार्सलं, त्यात उमेदवारांची पत्रकं, खांद्याचा पार भुगा झाला म्हणून ती डेरेकच्या पायरीवर टेकली होती.

"आणि वर ही टपाली मतं," ती म्हणाली. "म्हाताऱ्यांना पेटीपर्यंत जायला नको, मग देतात माझ्या हातात. तुझ्या त्या नॉरिसला सांग राजा, त्याचं अजून आलं नाही. विसरला वाटतं. दर वेळी पहिला असतो."

"नॉरिसचं टपाली मत आहे?"

"कधीपासून! एनिडचं पहिलं ऑपरेशन झालं ना, त्या हिवाळ्यात दोघांनी करून घेतलं." तिनं खांदा चोळला. "सार्वमताच्या वेळी मीच नेली दोघांची. चांगलं आठवतं. पंधरा दिवस आधीच तयार. एनिडनं स्वतः जिभेनं पाकीट चिकटवलं आणि म्हणाली, हे माझं शेवटचं असेल हं ट्रिश, सांडू नकोस. मला बाई रडूच आलं."

डेरेक काहीतरी म्हणाला. काय म्हणाला ते त्याला नंतर आठवेना. ट्रिश पुढच्या दाराला गेली आणि तो पायरीवरच उभा राहिला, हातात गटारसफाईच्या आश्वासनाचं पत्रक घेऊन.

पंधरा दिवस आधी. म्हणजे फाटकाशी हा भोळा सांब दुसऱ्याच्या बुडालेल्या मतासाठी आपलं मत बुडवत होता, तेव्हा ते दुसरं मत केव्हाच जाऊन पोचलं होतं. जोड कसली नि काय कसलं. एकट्यानंच लावलेली जोड. आणि तो हात! त्यानं पुढे केलेला हात नॉरिसनं धरला होता. साडेतीन वर्षं तो शेजारी बसून चहा प्याला, आणि डेरेक शब्दाच्या गोष्टी सांगत होता तेव्हा माना हलवत राहिला. आणि आता परत म्हणतो, जोड लाव. एकदा फसला तो परतही फसेल, असंच ना? पाकीट शेवटच्या दिवशी शाळेत नेऊन देणार असेल. तिथं हातात दिलेलंही चालतं.

डेरेकला राग आला, पण रागाखाली जे होतं ते जास्त वाईट होतं. मुलीला तो सांगत आला होता की मी शब्द पाळला. कुणाला दिलेला शब्द? कशासाठी? ती ज्या गोष्टीपायी तुटली, ती गोष्ट मुळात नव्हतीच.

दुसऱ्या कुठल्या मुलखात भिंतीवर थाप मारून विचारलं असतं, की का रे बाबा असं केलंस. आमच्याकडे सर्दी होते. तीन संध्याकाळी डेरेकनं दाराच्या फटीतून सांगितलं की सर्दी आहे, तुला लागेल. नॉरिसनं पायरीवर वाटाण्याच्या सूपचा डबा ठेवला. डेरेकनं तो मोरीत ओतला, डबा घासला आणि त्याच्या फाटकावर ठेवून आला.

मतदानाच्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. अंधार पडेपर्यंत डेरेक खुर्चीत बसून होता. मग उठला, कोट घातला, टोपी घातली आणि नॉरिसच्या खिडकीवरून जायला नको म्हणून मागच्या गल्लीनं निघाला. आपण चोरासारखे जातोय हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याचाही राग त्यानं नॉरिसवरच काढला.

शाळेत पोरांनी केलेल्या रंगीत कागदाच्या साखळ्या लटकत होत्या. टेबलामागच्या बाईनं नाव विचारलं, कागद दिला. आडोशाला दोरीनं बांधलेली बोटभर पेन्सिल होती. त्यानं फुली मारली, दोनदा गिरवली आणि कागद पेटीत टाकला. हलकं वाटेल अशी त्याची समजूत होती. तसं काही झालं नाही. पण लोर्नाला सांगायला काहीतरी हाती आलं होतं, आणि त्या घाईनं तो ओल्या कोटानंच फोनपाशी बसला.

"लोर्ना, मी मत देऊन आलो."

"हो?"

"तुझ्या वतीनं. तेव्हा राहिलेलं."

तिकडे भांडी वाजत होती, ती थांबली. "बाबा," ती हळू म्हणाली, "मला इथलं नागरिकत्व मिळालं. गेल्या आठवड्यात. तुला सांगणारच होते. आता माझं मत इथं असतं."

"बरं झालं की."

"हो." ती जरा थांबली. "आणि नॉरिसचं काय? जोड नव्हती का लावली? मागच्या फोनवर तू म्हणाला होतास."

"लावली होती."

तो ट्रिशचं सगळं सांगणार होता. तोंडाशीही आलं होतं. पण लोर्ना म्हणाली, "राहू दे, मला नको सांगूस," आणि ते चिडून नव्हतं, दमलेल्या माणसासारखं होतं, म्हणून तो गप्प बसला. मग तिनं सांगितलं की नाताळला जमत नाही. नवी तारीख जानेवारीअखेरची, तोवर वाउटरची रजा बंद. एल्केनं फोनवर येऊन तिच्या भाषेत काहीतरी म्हटलं, ते डेरेकला कळलं नाही. तो हो हो म्हणाला.

कोट काढायचंही त्याला सुचलं नव्हतं तोच दारावर थाप पडली. नॉरिसचीच थाप, तळव्यानं मारलेली. दार उघडू नये असं त्याला वाटलं. पण मग कुणाला उघडायचं? त्या रस्त्यात, त्या गावात त्याच्या दारावर थाप मारणारं आणखी कोण उरलं होतं? त्यानं कोट घाईघाईनं शेगडीमागे टाकला आणि दार उघडलं.

नॉरिस कागदात गुंडाळलेला तळलेला हॅडॉक आणि चिप्स घेऊन उभा होता. व्हिनेगरचा वास आणि पावसाचा वास.

"सर्दी गेली?"

"गेली."

"मग ताटल्या काढ. रांगेत उभा राहून गुडघ्याचं वाटोळं झालंय माझ्या."

दोघं बसले. टीव्हीवर केक करायची कसलीशी स्पर्धा चालली होती. मतदान संपेपर्यंत त्या दिवशी टीव्हीवाले निवडणुकीबद्दल तोंड उघडत नाहीत. नॉरिसनं मासा मोडला, पण खाल्ला नाही.

"गेला नाहीस ना?" त्यानं विचारलं.

"नाही," डेरेक म्हणाला. खोटं बोलणं इतकं सोपं असतं हे त्याला पंचाहत्तर वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

नॉरिसनं मान हलवली. मग आतल्या खिशात हात घातला आणि एक पाकीट काढून मिठाच्या शेजारी ठेवलं. घडी पडलेलं, चिकटवलेलं.

"हे माझं मत," तो म्हणाला. "टपाली. पाठवलं नाही. तुझ्यासमोर ठेवायचं होतं म्हणून जपलं."

डेरेकनं हातातला काटा ताटलीत ठेवला.

"त्या वेळी तू फाटकाशी जोड म्हणालास ना, तेव्हा माझं मत गेलेलं होतं, डेरेक. पंधरा दिवस आधी. एनिडनं चिकटवलं होतं." तो पाकिटाकडे बघत बोलत होता. "मी सांगणार होतो. एनिड गाडीत पण म्हणाली, सांग त्याला. पण तू हात पुढे केलास, आणि त्या दिवशी मला कुणाचा तरी हात पाहिजेच होता. म्हटलं संध्याकाळी सांगू. संध्याकाळी आलो तर तू माझ्यासाठी अंडी उकडून ठेवलेली. मग एनिड गेली. मग तू ती गोष्ट लोकांना सांगायला लागलास, आपली जोड, आपली जोड. दर वेळी वाटायचं, जमीन दुभंगली तर बरं."

"नॉरिस..."

"बोलू दे. परत नाही जमायचं. तुझी पोरगी येत नाही ती माझ्यापायी. मी भिंतीपलीकडून ऐकतो तुझे फोन, भिंत पातळ आहे. म्हटलं, हे मत मला कितीही द्यायचं असलं तरी एकदा तरी खरी जोड होऊ दे. मागचं काही फिटत नाही त्यानं, कळतं मला." त्यानं डोळे चोळले. "आता शिव्या घाल."

डेरेकनं घड्याळाकडे बघितलं. मतदान रात्री दहापर्यंत होतं, शाळा अजून उघडी होती. पाकीट तिथं हातात दिलं तरी घेतात, आणि नॉरिसचा गुडघा धरूनही चालत गेलं तर सहज पोचता आलं असतं. एक वाक्य पुरे होतं: ऊठ, कोट घाल, मी देऊन आलोय. ते वाक्य तयार होतं, जिभेवर होतं. नॉरिस त्याच्याकडे बघत होता, आणि एनिड गेल्यापासून त्याचा चेहरा इतका मोकळा डेरेकनं पाहिला नव्हता.

त्या सकाळी फाटकाशी काय झालं असेल ते डेरेकला आता, या ताटलीसमोर कळलं. लबाड माणूसच असं करू शकतो असं त्यानं आठवडाभर धरलं होतं. लबाडी लागतच नाही त्याला. वाक्य तोंडाशी येतं, समोरचा हात पुढे करतो, आणि वेळ निघून जाते.

"बोल ना काहीतरी," नॉरिस म्हणाला.

"खा. गार होतंय."

"राग नाही ना?"

"नाही."

नॉरिसनं मोठा श्वास सोडला आणि माशाचा तुकडा तोंडात घातला. शेगडीमागून ओल्या लोकरीचा वास यायला लागला होता. त्यानं एकदा नाक वर केलं, पण तो काही म्हणाला नाही.

"लोर्नाला सांग," खाता खाता तो म्हणाला. "नाही तर मीच सांगतो, लाव फोन. म्हणावं, चुकला तो नॉरिस. तुझा बाप शब्दाचा पक्का."

"उद्या सांगू," डेरेक म्हणाला.

त्यानं व्हिनेगरची बाटली नॉरिसकडे सरकवली आणि टीव्हीचा आवाज थोडा वाढवला.